नवजात बाळांचे धनुर्वाताचे मृत्यू कसे मोजावेत

एखाद्या भागात वर्षभरात किती नवजात बाळं धनुर्वाताने दगावली हे घरोघर जाऊन मोजायचं असेल, किंवा दुसऱ्या कुणी मोजलेला आकडा पारखून घ्यायचा असेल, तर हा लेख कामाला येईल. सर्वेक्षणाचे जे आराखडे माझ्याकडे वाचायला येतात, त्यांतल्या बहुतेकांत चूक एकाच जागी असते. प्रश्नावलीची सुरुवातच ‘तुमच्या घरी धनुर्वाताने बाळ गेलं का?’ इथून होते. हा प्रश्न विचारला की पुढचं सगळं बिघडतं. ज्या आईला रोगाचं नाव माहीत नाही ती ‘नाही’ म्हणते. जिने नाव कुठेतरी ऐकलंय ती झटके आलेल्या कुठल्याही बाळासाठी ‘हो’ म्हणते. आणि बाळ जन्मलं होतं हे तरी नोंदलं गेलं का, याकडे कुणाचं लक्षच राहत नाही.

बरोबर क्रम असा: आधी जन्म, मग मृत्यू, मग लक्षणं, आणि कारण सगळ्यात शेवटी. तेही घरात बसून ठरवायचं नाही. नंतर डॉक्टरांनी कागद वाचून ठरवायचं.

गोव्यात बसून हे शिकणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. आपल्याकडे जवळपास सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात. माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारतासाठी मे २०१५ मध्ये प्रमाणित झालं. त्यामुळे गोव्यातल्या मांडूरला, सत्तरीत किंवा पेडण्यात घरोघर फिरून तुम्हाला हा रोग सापडायचा नाही, आणि तो सापडावा अशी अपेक्षाही नाही. इथे सराव होतो तो घरं मोजण्याचा, तारखा काढण्याचा आणि बाळ गमावलेल्या आईशी बोलण्याचा. खरी मोजणी जिथे रोग उरला आहे तिथली. २०२० सालच्या अखेरीस निर्मूलन बाकी असलेले १२ देश होते. त्यांत अफगाणिस्तान, पाकिस्तान, येमेन, सोमालिया, नायजेरिया, दक्षिण सुदान हे होते. अशा भागात बाळ घरी जन्मतं, आठवड्याभरात आजारी पडतं, घरीच जातं; ना जन्माची नोंद होते ना मृत्यूची. दवाखान्याच्या रजिस्टरात त्यांतली फार थोडी बाळं येतात. म्हणून घरोघर जावं लागतं.

१. व्याख्या आधी कागदावर

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या तीन भागांची आहे आणि तिन्ही भाग लागतात. पहिले दोन दिवस बाळ नीट दूध ओढत होतं आणि रडत होतं. ३ ते २८ दिवसांच्या दरम्यान त्याचं दूध ओढणं थांबलं. आणि त्याचं अंग ताठ झालं, किंवा झटके आले, किंवा दोन्ही झालं. या रोगाला प्रयोगशाळेची खात्रीची तपासणी नाही. निदान लक्षणांवरच होतं, म्हणून लक्षणं कोणत्या क्रमाने आली हाच पुरावा.

पहिल्या भागाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मोठी गफलत तिथेच होते. जन्मल्यावर रडलंच नाही, पहिल्या दिवसापासून दूध ओढलं नाही आणि झटके आले, असं बाळ बहुधा जन्माच्या वेळी गुदमरलेलं असतं. धनुर्वाताचं बाळ आधी चांगलं असतं. आई सांगते, ‘चार दिवस छान पीत होतं हो.’ हे वाक्य फॉर्मवर जसंच्या तसं यायला हवं.

जिवंत जन्म म्हणजे काय तेही लिहून ठेवा: श्वास, रडणं, हृदयाचे ठोके, नाळेची धडधड किंवा हालचाल, यांपैकी काहीही एकदा जरी दिसलं तरी तो जिवंत जन्म. जुळी असतील तर दोन जन्म, दोन ओळी.

*सावधान:* मराठी घरात दिवस जन्मदिवसापासून मोजतात. सहाव्या दिवशी सटी, बाराव्या दिवशी बारसं, हा सगळा हिशोब जन्माचा दिवस पहिला धरून. म्हणजे ‘सातव्या दिवशी गेलं’ असं आजी सांगते तेव्हा बाळाचं पूर्ण झालेलं वय सहा दिवसांचं असतं. दुसऱ्या भाषेत हीच मोजणी वेगळी असू शकते. म्हणून दिवसांचा आकडा विचारू नका. जन्माची तारीख, आजार सुरू झाल्याची तारीख आणि मृत्यूची तारीख विचारा आणि वय तुम्ही काढा. जन्मदिवस शून्य धरायचा की एक, हे पथकाच्या पुस्तिकेत एकदाच लिहा आणि मग कुणीही बदलू नका.

२. कालखंड: पूर्ण १२ महिने, आणि शेवटचा महिना सोडून

समजा १ डिसेंबरला काम सुरू होणार आहे. मग गेल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंतचे जन्म घ्या. नोव्हेंबरमधली बाळं घ्यायची नाहीत, कारण त्यांचे २८ दिवस अजून भरलेले नाहीत. ती यादीत आली तर भागाकाराच्या खालचा आकडा, म्हणजे जन्म, वाढतो आणि वरचा, म्हणजे मृत्यू, वाढत नाही, त्यामुळे दर खोटा कमी येतो. ही चूक इतक्यांदा दिसते की आराखडा हातात आला की मी आधी तारखाच पाहतो.

बारा महिने पूर्ण का? कारण अनेक भागांत हा रोग वर्षभर सारखा नसतो, पावसाळ्यात वाढतो. सहा महिन्यांचे जन्म घेऊन दुप्पट करणं म्हणजे एकतर रोग दुप्पट करणं, नाहीतर लपवणं.

तारखा आठवण्यासाठी गावाचं कॅलेंडर बनवा. गोव्यात सराव करताना त्यात त्रिपुरारी पौर्णिमा, नाताळ, कार्निव्हल, शिगमो, २४ जूनचा सांजाव, चवथ आणि दसरा येतील. कालखंडाच्या दोन्ही टोकांना एकेक पक्की खूण हवी. दिवाळी अशा टोकाजवळ पडते आणि दरवर्षी सरकते, म्हणून त्या वर्षाची तारीख पंचांगातून काढून छापा. जिथे मुस्लिम वस्ती असेल तिथे ईदची तारीख दर वर्षी साधारण ११ दिवसांनी अलीकडे येते हे विसरू नका. शिवाय गावाच्या स्वतःच्या खुणा असतात: पूल वाहून गेला ती रात्र, विहिरीला पाणी लागलं तो दिवस. त्या गावातल्याच माणसाला विचारून भरा.

*तपासा:* प्रत्येक पथकाला विचारा, ‘गेल्या आठवड्यात जन्मलेलं बाळ घरात दिसलं तर काय कराल?’ उत्तर एकच असावं: बाळाला आशीर्वाद द्यायचा, यादीत घालायचं नाही.

३. किती जन्म लागतील

लसीकरण किती झालं हे पाहण्यासाठी ३० क्लस्टर (निवडलेली गावं किंवा वस्त्या) आणि प्रत्येकी ७ मुलं ही जुनी पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती इथे चालत नाही. ३० गुणिले ७ म्हणजे २१० बाळं. दर हजार जिवंत जन्मांमागे ५ मृत्यू इतका भयंकर दर असला तरी २१० जन्मांत सरासरी एकच मृत्यू सापडेल, आणि तीनातल्या एका सर्वेक्षणात एकही सापडणार नाही. मग अहवालात ‘रोग नाही’ असं लिहिलं जातं.

हिशोब असा करा. अंदाजे दर हजारी ५ धरला आणि हजारी २ इतकी चूक दोन्ही बाजूंना चालेल असं ठरवलं, तर ९५ टक्के खात्रीसाठी:

१.९६ × १.९६ × ०.००५ × ०.९९५ ÷ (०.००२ × ०.००२) = सुमारे ४,७८०

पण एका गावातली बाळं एकमेकांसारखी असतात: तीच सुईण, तीच नाळ कापायची रीत, तेच दूरचं आरोग्य केंद्र. म्हणून हा आकडा क्लस्टरच्या परिणामाने गुणावा लागतो. १.५ धरला तर साधारण ७,२०० जिवंत जन्म होतात. जन्मदर हजारी २५ असेल तर त्यासाठी २ लाख ८८ हजार लोकवस्ती पालथी घालावी लागेल. घरामागे ५ माणसं धरली तर सुमारे ५७,६०० घरं. गोव्यासारखा जन्मदर निम्म्यावर आला असेल तर घरं दुप्पट.

हे आकडे पाहून लोक घाबरतात आणि नमुना कापतात. तसं करू नका. पैसा तेवढा नसेल तर प्रश्न बदला. ‘दर किती?’ याऐवजी ‘दर ठरावीक पातळीच्या खाली आहे का?’ असं विचारता येतं. जिल्हा निर्मूलनाच्या पातळीला पोहोचला का हे तपासताना लॉट क्वालिटी पद्धतीने हेच करतात. त्यात ठरावीक जन्मांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त मृत्यू सापडले की जिल्हा नापास. तिथून नेमका दर मात्र मिळत नाही, आणि तो मिळाला असं अहवालात लिहायचं नाही.

४. गावं निवडणं आणि घरं न चुकवणं

सगळ्या गावांची, शहरातल्या वॉर्डांची आणि वस्त्यांची लोकसंख्येसह यादी करा. लोकसंख्येची चढती बेरीज एका स्तंभात लिहा. एकूण बेरजेला क्लस्टरच्या संख्येने भागा. येईल तो टप्पा. १ आणि त्या टप्प्यामधला एक आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून टप्प्याटप्प्याने पुढे जा. मोठ्या गावाचा नंबर दोनदा आला तर तिथे दोन क्लस्टर घ्या, एकावर भागवू नका.

चूक यादीत होते. बांधकामावरच्या मजुरांच्या खोल्या, खाणीजवळची वस्ती, डोंगरातली गवळी-धनगरांची चार घरं, नदीपलीकडचा वाडा, हे जुन्या यादीत नसतात. आणि बाळंतपण घरी होण्याची, लस न मिळण्याची शक्यता तिथेच जास्त असते. पंचायतीची यादी घ्याच, पण नंतर अंगणवाडी सेविकेला आणि एएनएमला (उपकेंद्रातल्या नर्सला) विचारा, ‘तुमच्या यादीत नाही अशी घरं कुठे?’ गोव्यात ‘आशा’ कार्यकर्त्या नाहीत, म्हणून ही दोनच माणसं. महाराष्ट्रात, दोडामार्गाकडे गेलात तर आशाताईंना विचारा. त्यांना पायवाटा माहीत असतात.

गावात पोचल्यावर मध्यभागी पेन फिरवून टोक दाखवेल त्या दिशेने जाण्याची पद्धत आहे. त्यात देवळाजवळची, रस्त्यालगतची घरं जास्त येतात. त्यापेक्षा गावाचा हाती नकाशा काढा, वाड्यांप्रमाणे साधारण सारखे तुकडे करा, चिठ्ठीने तुकडे निवडा आणि निवडलेल्या तुकड्यातलं प्रत्येक घर करा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. बंद घरी संध्याकाळी परत जा, मग सुट्टीच्या दिवशी जा. ज्या घरी बाळ गेलं ते घर बंद असण्याचं, कुटुंब गाव सोडून गेल्याचं प्रमाण जास्त असू शकतं. म्हणून शेजाऱ्यांकडून निदान जन्म आणि मृत्यू झाला का एवढं तरी विचारा आणि ‘शेजाऱ्याने सांगितलं’ अशी खूण करा.

*तपासा:* दिवसाच्या शेवटी नकाशावरची घरं आणि भरलेले फॉर्म यांची संख्या जुळते का? जुळत नसेल तर त्या तुकड्यातून बाहेर पडू नका.

५. कुणाचा जन्म कुठे मोजायचा

हा टप्पा छोटा वाटतो, पण आपल्याकडे तो फार महत्त्वाचा आहे, कारण पहिलटकरीण माहेरी जाते. बाळ माहेरी जन्मतं, कधी तिथेच जातं, आणि दोन्ही घरांच्या यादीत येतं किंवा दोन्हीकडून सुटतं.

नियम एकच ठेवा: बाई नेहमी जिथे राहते तिथे तिच्या बाळाचा जन्म मोजायचा, बाळंतपण कुठेही झालेलं असो. सासरच्या घरात विचारा, ‘या घरची कुणी बाई बाळंतपणाला बाहेर गेली होती का? अजून माहेरीच आहे का?’ माहेरच्या घरात बाळ दिसलं तरी यादीत घ्यायचं नाही.

रजिस्टरमधून आकडा काढणाऱ्यांना हीच अडचण दुसऱ्या बाजूने येते. जन्म-मृत्यूची नोंद जिथे घटना घडली तिथे होते. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारहून रुग्ण येतात. तिथला एखादा मृत्यू गोव्याचा म्हणून धरला आणि जन्म मात्र गोव्यातल्या रहिवाशांचेच घेतले, तर वरचा आणि खालचा आकडा दोन वेगळ्या लोकांचा झाला. प्रत्येक नोंदीतला राहण्याचा पत्ता वाचूनच पुढे जा.

६. घरात: आधी सगळे जन्म

घरात शिरल्यावर १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांची नावं लिहा. मग प्रत्येकीला कॅलेंडर दाखवून विचारा: या काळात दिवस गेले होते का? त्याचं काय झालं? बाळ जिवंत जन्मलं का? रडलं का? आता कुठे आहे?

‘किती मुलं आहेत?’ असं विचारलंत तर गेलेलं बाळ उत्तरात येत नाही. ‘किती बाळं जन्मली?’ असं विचारलं तर येतं. मग हळूच एक प्रश्न जादा: ‘जन्मल्यावर रडलं, पण थोडेच दिवस राहिलं, असं कुणी होतं का?’ ज्या बाळाचं नाव ठेवायच्या आधीच ते गेलं त्याची मोजणी अनेक घरांत होतच नाही. हा प्रश्न प्रत्येक बाईला विचारायचा, जिचं मूल अंगणात खेळतंय तिलाही.

आई हयात नसेल तर? बाळंतपणात आईलाही धनुर्वात होतो, आणि इतर कारणांनीही आया जातात. फक्त हयात बायकांना विचारलं तर त्यांची बाळं गळतात. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्याला शेवटी विचारा, ‘या काळात या घरी कुणाचा जन्म झाला, ज्याची आई आता इथे नाही?’

मृत जन्माबद्दल इथे फार घोळ घालू नका. धनुर्वाताचं बाळ निदान तीन दिवस जगलेलं असतं, त्यामुळे कुटुंब त्याला मृत जन्म म्हणत नाही. पण पहिल्या तासात गेलेल्या बाळाला म्हणू शकतं, आणि मग जिवंत जन्मांचा आकडा थोडा घटतो. म्हणून ‘रडलं का, हललं का’ हे विचारायचंच.

*सावधान:* ‘बाळ गेलं’ म्हटलं की फॉर्म मोठा होतो हे मुलाखत घेणाऱ्याला दोन दिवसांत कळतं. थकलेलं पथक मग नकळत मृत्यू कमी लिहू लागतं. मृत्यूची सविस्तर मुलाखत वेगळ्या, जास्त अनुभवी व्यक्तीकडे द्या. पहिल्या पथकाचं काम जन्म मोजून घराला खूण करणं इतकंच.

७. ज्या घरी बाळ गेलं

इथे घाई नको. मृत्यू नुकताच झालेला असू शकतो. आधी घरच्यांची संमती घ्या, का आलात ते सांगा, आणि आई आज बोलू शकत नसेल तर तिने सांगितलेल्या दिवशी परत या. आईबरोबर आजारपणात जवळ असलेली बाई, सासू, आजी किंवा सुईण, बसू दे. गोव्यातल्या जुन्या घरांत सुईणीला वयजीण म्हणतील. तिच्यावर दोष येईल असा एकही शब्द तोंडून जाता कामा नये, नाहीतर नाळ कशाने कापली याचं खरं उत्तर मिळणार नाही.

आधी मोकळं बोलू द्या: ‘बाळ जन्मल्यापासून काय काय झालं ते सांगा.’ मध्ये बोलू नका. तिच्याच शब्दांत लिहा. ती ‘तोंड उघडेना’ म्हणाली आणि तुम्ही ‘दातखीळ’ लिहिलंत, तर कारण तुम्हीच ठरवलंत. कन्नड, हिंदी किंवा कोंकणी बोलणारं घर असेल तर तिच्या भाषेतला शब्द देवनागरीत लिहा आणि पुढे अर्थ लिहा.

मग ठरलेले प्रश्न, याच क्रमाने:

जन्मल्या जन्मल्या रडलं का? पहिले दोन दिवस अंगावर नीट पीत होतं का? पिणं कधी थांबलं? तोंडात स्तन घेता येत नव्हता, की घ्यायची इच्छाच नव्हती? अंग ताठ झालं का, पाठ मागे वाकली का, मुठी आवळलेल्या होत्या का? हात लावला, आवाज झाला किंवा उजेड पडला की झटके वाढायचे का? झटक्यांच्या मध्ये बाळ शुद्धीवर होतं का? रडण्याचा आवाज बदलला का? ताप होता का, अंग पिवळं होतं का, टाळू फुगली होती का, अंग थंड आणि ढिलं पडलं होतं का? वेळेआधी जन्मलं होतं का, फार लहान होतं का?

त्यानंतर नाळ. कशाने कापली, कशाने बांधली, नंतर काय लावलं? हळद, राख, शेण, तेल, काजळ, काहीच नाही, ही नावं एकेक करून वाचा. शेवटी गरोदरपणातलं धनुर्वाताचं इंजेक्शन. कार्ड पाहा. भारतात २०१९ पासून टीटीच्या (फक्त धनुर्वाताची लस) जागी टीडी (धनुर्वात आणि घटसर्प) आलं, त्यामुळे कार्डवर दोन्ही दिसतील. याआधीच्या गरोदरपणातले आणि शाळेतले डोसही विचारा.

नाळ आणि इंजेक्शनचे प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवलेत. ते आधी आले की आईला कळतं तुम्हाला काय हवंय, आणि तिची आठवण त्या बाजूला झुकते.

फॉर्म फक्त ३ ते २८ दिवसांच्या मृत्यूंसाठी भरू नका. महिन्याच्या आत गेलेल्या प्रत्येक बाळासाठी भरा, आणि ‘सव्वा महिन्याचं होतं’ असं सांगितलेल्यांसाठीही, कारण सांगितलेलं वय बऱ्याचदा चुकतं. नको असलेला फॉर्म नंतर बाजूला ठेवता येतो. न भरलेला भरायला परत त्याच आईकडे जाणं योग्य नाही.

८. कारण ठरवणं

प्रत्येक फॉर्म दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचावा. बाईने इंजेक्शन घेतलं होतं का, हे पान त्यांच्यापासून झाकून ठेवा. ते दिसलं की ‘लस नव्हती, म्हणजे धनुर्वातच’ असा कल होतो. दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्याने ठरवावं, आणि तरीही ठरत नसेल तर ‘अनिश्चित’ हाही एक निकाल आहे.

वेगळं काढायचं ते काय काय: गुदमरलेलं बाळ पहिल्या दिवसापासून आजारी असतं. जंतुसंसर्ग किंवा मेंदूज्वरात ते बेशुद्ध, ढिलं, तापलेलं किंवा गार पडलेलं असतं. तीव्र काविळीतही पाठ मागे वाकते, म्हणून पिवळेपणाचा प्रश्न हवाच. धनुर्वातात बाळ शुद्धीवर राहतं, तोंड आवळतं, स्पर्शाने झटके येतात.

थोड्या चुकीच्या निदानानेही आकडा किती फुगतो ते पाहा. समजा १०० नवजात मृत्यू आहेत आणि त्यांतले खरे धनुर्वाताचे २. उरलेल्या ९८ पैकी फक्त ५ टक्क्यांना चुकून धनुर्वाताचा शिक्का बसला तरी ५ मृत्यू जास्तीचे. दोनाचे सात झाले. रोग जितका कमी, तितकी ही चूक मोठी. म्हणून निर्मूलनाच्या जवळ आलेल्या जिल्ह्यात डॉक्टरांनी अधिक कडक राहायला हवं.

*तपासा, हिशोबाआधी:* महिन्याच्या आत गेलेल्या बाळांपैकी साधारण तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. तुमच्या यादीत पहिल्या आठवड्यातले मृत्यू निम्म्याहून कमी असतील तर लवकर गेलेली बाळं सुटली आहेत. जन्मांच्या यादीत १०० मुलींमागे मुलगे साधारण १०५ असावेत. १२० आले तर गेलेल्या मुली सांगितल्या गेल्या नाहीत. मृत्यू नेमके ७ आणि ३० दिवसांवर गोळा झाले असतील तर तारखांऐवजी अंदाज लिहिलेत. एकाच पथकाच्या सगळ्या क्लस्टरमध्ये शून्य मृत्यू असतील तर काही घरं पुन्हा करा.

९. आकडेमोड

सरावासाठी धरलेले आकडे घेऊ. ७,२०० जिवंत जन्म, धनुर्वाताचे १८ मृत्यू. १८ ÷ ७,२०० × १,००० = दर हजार जिवंत जन्मांमागे २.५. इथे थांबायचं नाही. १८ या संख्येची ९५ टक्के मर्यादा साधारण १०.७ ते २८.४, म्हणजे हजारी १.५ ते ४.०. क्लस्टरचा परिणाम धरला की ती सुमारे १.२ ते ४.३ होते. अहवालात दर आणि ही मर्यादा एकाच वाक्यात लिहा. नाहीतर वृत्तपत्रात फक्त २.५ जाईल.

निर्मूलनाची कसोटी मृत्यूंवर नाही, रुग्णांवर आहे: प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला हजार जिवंत जन्मांमागे १ पेक्षा कमी रुग्ण. मृत्यूचा दर थेट या आकड्याशी लावला की हिशोब चुकतो. उपचार न मिळालेल्यांत जवळपास सगळी बाळं जातात, चांगल्या दवाखान्यात बरीच वाचतात. शंभर रुग्णांत ८० जातात असं धरलं तर हजारी २.५ मृत्यू म्हणजे हजारी ३.१ रुग्ण. हे ८० कुठून घेतलं ते लिहा, आणि ते मोठ्या रुग्णालयातून उचलू नका. घरी राहिलेल्या बाळांचं प्रमाण वेगळं असतं. आणि देशाची सरासरी हजारी ०.५ आली तरी एखाद्या जिल्ह्यात ४ असू शकतं. कसोटी जिल्ह्याची आहे.

सर्वेक्षण न करता अंदाज काढण्याची एक पद्धत आहे: लस नसतानाचा दर घ्यायचा आणि लस मिळालेल्या मातांच्या प्रमाणानुसार तो कमी करायचा. ती घाईच्या वेळी उपयोगी आहे, पण तिचा आधार ‘या गरोदरपणात दोन डोस’ हा असेल तर सांभाळा. ज्या बाईचे आधीचे डोस पुरेसे झालेत आणि म्हणून या वेळी कमी दिले, ती त्या आकड्यात असुरक्षित दिसते. बाळ जन्माच्या वेळी सुरक्षित होतं का, हे आईच्या सगळ्या डोसांवरून काढा.

१०. शून्य आला तर

गोव्यासारख्या ठिकाणी बहुतेक वेळा हाच आकडा हाती येईल. शून्य मृत्यू म्हणजे दर शून्य नव्हे. ३,००० जन्मांत एकही मृत्यू नाही सापडला, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की दर हजारी १ पेक्षा कमी आहे. ३ ला जन्मांच्या संख्येने भागलं की वरची मर्यादा मिळते. ६०० जन्मांत शून्य असेल तर मर्यादा हजारी ५. म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही.

रजिस्टरमधला शून्य पाहताना आधी एक ठरवा: रकान्यात ‘०’ लिहिलंय की रकाना कोरा आहे? कोरा म्हणजे कुणी पाहिलं नाही. मग मुलांच्या वॉर्डातली ३ ते २८ दिवसांच्या बाळांची पानं स्वतः उलटा. ‘झटके’, ‘दूध पीत नाही’, ‘जंतुसंसर्ग’ असं लिहिलेले कागद बाहेर काढून व्याख्या लावा. आयसीडी-१० मध्ये (रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात) नवजात धनुर्वाताचा कोड ए३३, बाळंतिणीच्या धनुर्वाताचा ए३४, बाकीच्यांचा ए३५. बाळ चुकून ए३५ मध्ये गेलेलं असू शकतं.

११. सापडलेल्या प्रत्येक बाळामागे

एखाद्या मृत्यूचं कारण धनुर्वात ठरलं तर अहवालाची वाट पाहू नका. धनुर्वात होऊन गेला तरी शरीराला त्यापासून संरक्षण मिळत नाही, आणि ज्या आईचं बाळ गेलं तिच्या पुढच्या बाळालाही तोच धोका असतो. तिच्या परवानगीने जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. तिला आणि त्या वाड्यातल्या गरोदर व तरुण बायकांना टीडीचे डोस मिळतील असं पाहा. नाळ कापणारी व्यक्ती कोण होती हे केंद्राला सांगताना प्रशिक्षण मागा, कारवाई नको.

अहवालात आईचं नाव, घर क्रमांक, वाड्याचं नाव काहीही नको. लहान गावात ‘नदीकाठचं एक घर’ एवढंही पुरतं ओळखायला. नावांची यादी आणि फॉर्म वेगवेगळ्या कुलपात ठेवा, जोडणारा क्रमांक तिसरीकडे. अहवालात मात्र हे नक्की असू द्या: कालखंडाच्या दोन तारखा, भेट दिलेली आणि बंद राहिलेली घरं, जिवंत जन्म, महिन्याच्या आतले सगळे मृत्यू, त्यांतले धनुर्वाताचे आणि अनिश्चित ठरलेले, आणि दोन डॉक्टरांचं किती फॉर्मवर एकमत झालं.